काठावरून दिसणारा रंग

रेसची गाडी चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीचा रंग जवळजवळ दिसतच नाही. समोर स्टिअरिंग, पुढची दोन चाकं, नाकाचा एखादा तुकडा आणि अंगावर धावून येणारा रस्ता. रंग दिसतो तो कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला, आणि तोही दोन-तीन सेकंद.

माझं नोकरीचं सगळं आयुष्य गाड्या रंगवण्यात गेलं, आधी पिंपरीत आणि मग चाकणला. लाल म्हटलं की फेरारी, गर्द हिरवा म्हटलं की इंग्लिश स्पोर्ट्स कार, चंदेरी म्हटलं की जर्मन, ही समीकरणं लोकांच्या डोक्यात इतकी पक्की कशी बसली, या प्रश्नाने मला कधीच सोडलं नाही. कारण नुसता रंग म्हणून पाहिला तर या तिघांतही वेगाचं असं काही नाही. लाल तर पेंट शॉपमधल्या माणसाला छळणारा रंग. उजळ लालची झाकण्याची ताकद कमी. खाली योग्य छटेचा प्रायमर नसेल तर खालचं डोकावतं आणि कोट वाढवावे लागतात. जुन्या लाल गाड्या उन्हात उभ्या राहून गुलाबट, खडूसारख्या झालेल्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. लाल म्हणजे रक्त, लाल म्हणजे आग, म्हणून लाल म्हणजे वेग, हे स्पष्टीकरण नेहमी ऐकायला मिळतं. मला ते कधीच पटलं नाही. तसं असतं तर शर्यतीच्या पहिल्या काही दशकांत फ्रेंच गाड्या निळ्या आणि जर्मन गाड्या पांढऱ्या का धावल्या असत्या?

त्या धावल्या, कारण रंग कुणी निवडलेच नव्हते. ते वाटून मिळाले होते.

‘न्यूयॉर्क हेराल्ड’ या वर्तमानपत्राचा मालक जेम्स गॉर्डन बेनेट पॅरिसमध्ये राहत असे. त्याने मोटारींच्या शर्यतीसाठी एक चषक ठेवला आणि 1900 साली त्यासाठीची पहिली शर्यत पॅरिसहून ल्योंला झाली. त्यातली वेगळी अट अशी की गाड्या कंपन्यांच्या नावाने उतरायच्या नाहीत, देशांच्या नावाने उतरायच्या. देशाच्या मोटार क्लबाने जास्तीत जास्त तीन गाड्या पाठवायच्या, आणि गाडीचा भागन्‌भाग त्याच देशात बनलेला हवा. आता त्या काळचे रस्ते डोळ्यांसमोर आणा. डांबर नाही, गावागावांतून जाणारी पांढुरकी माती, आणि गाडी येते ती धुळीच्या लोटात गुरफटून. आकड्याची पाटी वाचून होईपर्यंत गाडी पुढच्या गावात पोचलेली असायची. काउंट एलियट झ्बोरोव्स्की या शर्यतींच्या शौकिनाने सुचवलं की प्रत्येक देशाला एकेक रंग द्यावा. फ्रान्सला निळा, जर्मनीला पांढरा, बेल्जियमला पिवळा आणि अमेरिकेला लाल.

हो, लाल अमेरिकेला. इटलीचा तेव्हा पत्ताच नव्हता.

इंग्लंडही त्या वाटपात नव्हतं. 1902 मध्ये सेल्विन एज याने नेपियर गाडी चालवून चषक इंग्लंडला नेला. जिंकणाऱ्या देशाने पुढची शर्यत भरवायची, पण इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं कायद्यात बसत नव्हतं. तशातच 1903 च्या मे महिन्यात पॅरिस ते माद्रिद शर्यतीत इतकी माणसं मेली, चालकही आणि रस्त्याकडेला उभे असलेले लोकही, की ती शर्यत बोर्दोलाच थांबवावी लागली. अशा वातावरणात शर्यतीला जागा दिली आयर्लंडने, तीही खास कायदा करून. 2 जुलै 1903 रोजी किल्डेअर परगण्यातल्या ऍथी गावाभोवतीच्या रस्त्यांवर गाड्या धावल्या. इंग्लंडच्या झेंड्यातले लाल, पांढरा, निळा हे तिन्ही रंग आधीच दुसऱ्यांना गेलेले होते. यजमान आयर्लंडचा मान राखायचा म्हणून तिन्ही नेपियर गाड्यांना शॅमरॉकच्या, म्हणजे आयर्लंडची खूण असलेल्या तिपानी वनस्पतीच्या, पानाचा हिरवा दिला गेला. (नेपियर त्याआधीही हिरव्या असत, असं मांडणारेही आहेत. मला आयर्लंडची गोष्ट जवळची वाटते, कारण त्या दिवशी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या आयरिश माणसाला तो रंग आपला वाटला असणार.)

त्या शर्यतीत हिरव्याची धूळधाण झाली. तीनपैकी एकही नेपियर नीट शेवटाला गेली नाही. जिंकला तो कामीय जेनात्सी हा लाल दाढीचा बेल्जियन, जर्मनीच्या पांढऱ्या मर्सिडीजमध्ये. आणि ती गाडीसुद्धा एका अमेरिकन ग्राहकाकडून उसनी आणलेली, कारण शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्या काही दिवस आधी कारखान्याला लागलेल्या आगीत जळून गेल्या होत्या. तरीही हिरवा टिकला. पुढे विशीच्या दशकात सनबीमने फ्रेंच ग्रां प्री जिंकली, बेंटलीने ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत 1924 पासून 1930 पर्यंत पाच विजय मिळवले, आणि हिरवा म्हणजे इंग्लंड हे जगाने मान्य केलं. आयर्लंड 1922 मध्ये वेगळं झालं. हिरवा मात्र इंग्लंडकडेच राहिला.

एक गोष्ट रंगवाल्याच्या नजरेने सांगतो. आमच्याकडे प्रत्येक शेडचं एक मास्टर पॅनल असतं. ते कपाटात, उजेडापासून लांब ठेवतात, आणि लाइनवरून उतरलेली गाडी त्याच्याशी ताडून पाहतात. ‘ब्रिटिश रेसिंग ग्रीन’चं असं एकमेव मास्टर पॅनल कुठेच नाही. नेपियरचा हिरवा वेगळा, बेंटलीचा काळसर, जग्वारचा आणखी निराळा, लोटसचा त्याहून उजळ. कुणी अधिकृत शेड ठरवलीच नाही. तरी रस्त्यावरून त्यातली कुठलीही गाडी गेली की बघणारा अचूक ओळखतो. पेंट शॉपमध्ये डेल्टाच्या, म्हणजे दोन छटांतला फरक सांगणाऱ्या मापाच्या, दशांश आकड्यावरून भांडणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. डोळा छटा लक्षात ठेवत नाही. कोणाची गाडी, हे लक्षात ठेवतो.

लाल इटलीकडे कसा गेला? अमेरिकेने युरोपातल्या शर्यतींकडे फारसं लक्ष दिलं नाही आणि लाल रिकामा झाला. 1907 हे वर्ष इटलीचं निघालं. फेलिचे नात्झारोने फियाटमध्ये त्या वर्षीच्या तीन मोठ्या शर्यती मारल्या, आणि प्रिन्स शिपिओने बोर्गेझे इताला गाडी घेऊन पेकिंगहून पॅरिसला सगळ्यांच्या आधी पोचला. विशीच्या दशकात फियाट आणि अल्फा रोमिओ लाल रंगात जिंकू लागल्या तोवर लाल म्हणजे इटली हे ठरून गेलं होतं.

किती ठरून गेलं होतं, ते 1924 च्या सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत दिसतं. डोंगरातला घाटरस्ता, एकेक फेरी शंभर किलोमीटरहून मोठी, वळणावळणावर गावकरी. आपल्या गाड्यांवर त्यांचा जीव इतका, की परक्या रंगाची गाडी दिसली तर दगड भिरकवायलाही कमी करणार नाहीत, अशी धास्ती जर्मन चमूला होती. मग मर्सिडीजने आपल्या पांढऱ्या गाड्या लाल रंगवल्या. लांबून येणारी लाल गाडी म्हणजे आपलीच, असं समजून लोक बाजूला होत गेले, आणि गाडी ओळखू येईपर्यंत ती पुढच्या वळणाला लागलेली असे. ख्रिस्तियन वेर्नर जिंकला. त्या लाल मर्सिडीजच्या चमूत आल्फ्रेड नॉयबाउअर नावाचा एक चालकही होता. तो स्वतः मागेच राहिला, पण रंगाने काय करता येतं हे त्याने त्या डोंगरात नक्की पाहिलं असणार. त्याचं नाव ध्यानात ठेवा.

निळ्याची गोष्ट थोडक्यात, पण सांगायलाच हवी. एत्तोरे बुगाट्टी जन्माने मिलानचा. त्याने आल्सास भागातल्या मोल्सहाइमला कारखाना काढला तेव्हा ते आल्सास जर्मनीत होतं. पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्सकडे आलं. म्हणजे इटालियन माणूस, जर्मन अंमलात सुरू झालेला कारखाना, आणि गाड्या मात्र फ्रेंच निळ्या. त्या निळ्या गाड्यांनी 1925 पासून लागोपाठ पाच वर्षं टार्गा फ्लोरिओ जिंकली, त्याच सिसिलीत. आजही बुगाट्टी डोळ्यांसमोर आणली की ती निळीच येते.

आता चंदेरी.

नॉयबाउअर पुढे मर्सिडीजच्या रेसिंग विभागाचा प्रमुख झाला. 1934 पासून ग्रां प्रीसाठी नियम आला की चालक, इंधन, तेल, पाणी आणि टायर वगळून गाडीचं वजन 750 किलोपेक्षा जास्त नको. नॉयबाउअरने 1958 मध्ये आलेल्या आपल्या आठवणींत सांगितलेली गोष्ट अशी: जूनमध्ये न्युर्बुर्गरिंगला आयफेल शर्यतीच्या आदल्या दिवशी मर्सिडीजची नवी डब्ल्यू 25 गाडी काट्यावर चढवली तर वजन 751 किलो. एक किलो कमी करायचं कुठून? गाडीत काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग रातोरात पांढरा रंग खरवडून काढला, खालचं ॲल्युमिनियम उघडं पडलं, सकाळी काटा 750 वर थांबला, आणि मान्फ्रेड फॉन ब्राउखिच ती गाडी घेऊन जिंकला. ‘चंदेरी बाण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जर्मन गाड्या जन्माला आल्या त्या अशा.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्याकडे वाळलेल्या थराच्या जाडीला डीएफटी म्हणतात. हातात मावणारं एक यंत्र असतं, त्याची टोकदार सोंड पत्र्यावर टेकवली की आकडा येतो. आजच्या गाडीवर सगळे थर मिळून, म्हणजे सीईडी (विजेच्या साहाय्याने पत्र्यावर बसवलेला सर्वांत खालचा थर), प्रायमर, रंगाचा बेसकोट आणि वरचा पारदर्शक क्लिअर, शंभर-सव्वाशे मायक्रॉन भरतात. शंभर मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. गाडीचा रंगवलेला पत्रा दहा चौरस मीटर धरला तर शंभर मायक्रॉनच्या थराचं आकारमान होतं बरोबर एक लिटर. वाळलेला पेंट पाण्यापेक्षा जड असतो; म्हणजे सव्वा ते दीड किलो. त्या काळी हाताने ठोकून घडवलेल्या पत्र्यावर खड्डे भरायला लांबी (पुटी) लावत आणि वरून हात देत, त्यामुळे थर जास्तच असणार. सांगायचा मुद्दा, एक किलो पेंट खरवडून निघणं सहज शक्य आहे. हिशेब चुकत नाही.

इतिहास मात्र जुळत नाही. कागदपत्रं धुंडाळणाऱ्यांनी दाखवून दिलं की ती आयफेल शर्यत 750 किलोच्या नियमाखाली झालीच नव्हती, वजनाची अट नसलेली खुली शर्यत होती. शिवाय 1932 मध्ये बर्लिनच्या आव्हुस सर्किटवर याच ब्राउखिचने न रंगवलेल्या, उघड्या ॲल्युमिनियमच्या लांबोळक्या मर्सिडीजमध्ये विजय मिळवला होता. बर्लिनचे लोक त्या गाडीला काकडी म्हणायचे, आणि रेडिओवर तिचं वर्णन चंदेरी बाण असं झालं होतं. ऑटो युनियन या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या गाड्याही 1934 मध्ये पहिल्यापासून चंदेरीच उतरल्या. त्यांचा रंग कुणी खरवडला नव्हता.

मग नॉयबाउअरची गोष्ट इतकी वर्षं का टिकली? मला वाटतं, कारण ती बघणाऱ्याच्या हाती काहीतरी देते. चंदेरी गाडी गेली की तिच्यात रात्रभर खरवडत बसलेले मेकॅनिक दिसतात. पण त्याच काळाचं दुसरंही काही दिसायला हवं. मर्सिडीज आणि ऑटो युनियन या दोघांनाही हिटलरच्या सरकारकडून पैसा मिळत होता आणि त्यांचे विजय त्या राजवटीच्या प्रचाराला वापरले गेले. स्वस्तिक लावून धावलेल्या त्या गाड्यांचे फोटो उपलब्ध आहेत. आज शोरूममध्ये चंदेरी मर्सिडीजपाशी उभं राहून ‘चंदेरी बाणांचा वारसा’ ऐकवतात तेव्हा वजनकाट्याची गोष्ट येते, ही येत नाही. चंदेरी मला व्यवसाय म्हणून फार आवडतो. ॲल्युमिनियमचे बारीक कण बेसकोटमध्ये कसे आडवे पडतात यावर त्याचं सगळं रूप ठरतं. स्प्रे गनचा हात जरा सैल पडला की दारावर ढग उठतात, आणि समोरून एक दिसणारी शेड बाजूने पाहिली तर गडद होते. इतका कसबी रंग दुसरा नाही. म्हणूनच त्याच्या नावावर अर्धीच गोष्ट सांगितली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

देशांचे रंग साठीच्या दशकापर्यंत चालले. होंडा 1964 मध्ये फॉर्म्युला वनला आली. तिची पहिली चाचणीची गाडी सोनेरी होती, पण शर्यतीला उतरली ती हस्तिदंती पांढऱ्यात, वर जपानच्या झेंड्यातला लाल सूर्य घेऊन. त्याच वर्षी एक चमत्कार झाला. एन्झो फेरारीचं इटलीच्या मोटार संघटनेशी वाजलं. त्याच्या 250 एलएम गाडीला जीटी (रस्त्यावर चालवता येणाऱ्या स्पोर्ट्स गाड्यांच्या) गटात मान्यता मिळाली नाही आणि आपल्या देशाची संघटना पाठीशी उभी राहिली नाही, हा त्याचा राग. त्याने इटलीचा लालच नाकारला. मोसमातल्या शेवटच्या दोन शर्यतींत, अमेरिकेत आणि मेक्सिकोत, फेरारी धावल्या निळ्या-पांढऱ्या रंगात, अमेरिकेतल्या आपल्या वितरकाच्या संघाच्या नावाने. आणि मेक्सिकोत जॉन सर्टीस जगज्जेता झाला, ग्रॅहॅम हिलपेक्षा एका गुणाने पुढे. म्हणजे फेरारीचं एक अख्खं जगज्जेतेपद निळ्या-पांढऱ्या गाडीत पक्कं झालेलं आहे. ते फोटो दाखवले तर फेरारीचे कट्टर चाहतेसुद्धा ही फेरारी आहे हे चटकन ओळखत नाहीत. पुढच्या वर्षी लाल परत आला. त्या वेळी एन्झो फेरारीला अडवणारं कुणी नव्हतं, रंग त्याच्या हातात होता. पण काठावरच्या लोकांच्या डोळ्यांत बसलेला लाल तोही बदलू शकला नाही, असं मला वाटतं.

मग आलं 1968. पेट्रोल आणि टायर कंपन्यांनी हात आखडता घेतला होता, पैसा लागत होता, आणि गाडीवर जाहिरात करायला परवानगी मिळाली. 1 जानेवारी 1968 रोजी दक्षिण आफ्रिकेत कायलामीला जिम क्लार्क जिंकला तो हिरव्या लोटसमध्ये, मधून पिवळा पट्टा. याच जिम क्लार्कने 1965 मध्ये इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत हिरव्या लोटसमध्ये जिंकली होती, आणि तीही अशा अमेरिकेत जिथे रेसवाले हिरव्या रंगाला अपशकुनी मानत. कायलामीचा विजय त्याचा फॉर्म्युला वनमधला शेवटचा ठरला. 7 एप्रिलला हॉकेनहाइमच्या शर्यतीत त्याचा मृत्यू झाला. 12 मे रोजी स्पेनमध्ये हारामाला ग्रॅहॅम हिल त्याच लोटस 49 मध्ये जिंकला, पण आता गाडी लाल, पांढरी आणि सोनेरी होती: गोल्ड लीफ सिगारेटच्या पाकिटाचे रंग. साडेचार महिन्यांत एक चालक गेला आणि साठ-पासष्ट वर्षांचा हिरवा उतरला. ज्यांनी हे दोन्ही त्या वेळी पाहिलं, त्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना मला करवत नाही.

सिगारेटने रंगांचं वाटोळं केलं असं मात्र मी म्हणणार नाही. लोटसचा पुढचा काळा-सोनेरी अवतार सिगारेटचाच, आणि तो अप्रतिम होता. गल्फ या तेल कंपनीच्या फिकट निळ्या-नारिंगी फोर्ड जीटी 40 ने 1968 आणि 1969 ची ल मान्स जिंकली, आणि तो जोड रंग आज कुठल्याही देशाच्या रंगाइतका रेसचा वाटतो. नियमाने दिलेला रंग असो की पैशाने आणलेला, जिंकताना लोकांनी पाहिला की तो लोकांचा होतो. शूमाकरच्या काळातला फेरारीचा लाल जुन्या गर्द लालपेक्षा नारिंगीकडे झुकलेला होता, मार्लबरोच्या पाकिटाशी जुळणारा. आमच्या पिढीला तोच खरा फेरारीचा लाल वाटतो. त्याच शूमाकरने 2002 मध्ये सिल्व्हरस्टोनला सचिनला फेरारी 360 मोदेनाची किल्ली दिली. फॉर्म्युला वनचं नावही न ऐकलेल्या महाराष्ट्रातल्या घराघरांत फेरारी लाल असते हे पोचलं ते त्या फोटोमुळे. रेस न पाहताही आपल्याकडच्या पोरांच्या चित्रकलेच्या वहीत रेसिंग कार लाल असते.

सिल्व्हरस्टोनच्या सर्किटसमोर एक कारखाना आहे. मला या सगळ्या विषयात सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो हा. एडी जॉर्डन या आयरिश माणसाचा संघ तिथून 1991 मध्ये फॉर्म्युला वनला आला, हिरव्या गाड्या घेऊन, अंगावर सेव्हन अपची जाहिरात. मिखाएल शूमाकरची पहिली फॉर्म्युला वन शर्यत या हिरव्या गाडीतली, त्याच वर्षी बेल्जियमच्या स्पा सर्किटवर. पुढे जॉर्डनच्या गाड्या पिवळ्या झाल्या. मग संघ विकला गेला. 2006 मध्ये तो डच मालकाचा झाला आणि गाड्या नारिंगी झाल्या. 2008 मध्ये तो आपला झाला: फोर्स इंडिया. 2009 पासून पांढऱ्या गाडीवर केशरी आणि हिरवा आला.

30 ऑगस्ट 2009, रविवार. गणपतीचे दिवस. खाली सोसायटीच्या मंडपात आरतीची तयारी चाललेली, आणि मी टीव्हीसमोरून उठायला तयार नव्हतो, कारण स्पाला पहिल्या जागेवर जानकार्लो फिसिकेला उभा होता, फोर्स इंडियाच्या गाडीत. तोपर्यंत या संघाला एकही गुण मिळालेला नव्हता. किमी रायकोनेनच्या फेरारीने त्याला सुरुवातीलाच मागे टाकलं, पण पुढची सगळी शर्यत ती पांढरी-केशरी-हिरवी गाडी त्या लाल गाडीच्या मागे चिकटून राहिली. शेवटी अंतर एका सेकंदाहूनही कमी. दुसरा नंबर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मला सगळं माहीत होतं. चालक इटालियन, इंजिन मर्सिडीजचं, कारखाना इंग्लंडमध्ये, गाडी बांधणारे हात बहुतेक इंग्रजांचे. भारताचं म्हणावं असं त्या गाडीत मालक होता आणि अंगावरचा रंग होता. गाडीचा भागन्‌भाग त्याच देशातला हवा, ही गॉर्डन बेनेटची अट लावली असती तर ती गाडी आपली ठरलीच नसती. तरी त्या दिवशी ती माझी होती. सिसिलीच्या डोंगरातल्या माणसाला लांबून लाल दिसला की आपला माणूस आला असं का वाटायचं, हे मला त्या संध्याकाळी आतून कळलं. त्याला मर्सिडीजने फसवलं, हे खरं. पण त्याचं वाटणं खोटं नव्हतं.

पुढच्याच शर्यतीत फिसिकेला फेरारीच्या लाल गाडीत बसला. 2017 मध्ये एका ऑस्ट्रियन पाणीशुद्धीकरण कंपनीचा पैसा आला आणि फोर्स इंडियाच्या गाड्या नखशिखांत गुलाबी झाल्या. टीव्हीवर त्या इतक्या चटकन ओळखू यायच्या की मैदानातली कुठलीही गाडी त्यांच्याशी बरोबरी करू शकत नव्हती. मला तरी त्या पाहून तुटल्यासारखं व्हायचं. 2018 मध्ये संघ कर्जात बुडाला, मालक बदलले, नाव बदललं, आणि 2021 मध्ये तोच संघ ॲस्टन मार्टिन म्हणून उतरला, गर्द हिरव्यात. आयरिश माणसाच्या हिरव्यापासून पिवळा, नारिंगी, केशरी-हिरवा आणि गुलाबी असा प्रवास करून ते आवार इंग्रजांच्या हिरव्यावर आलं, जो हिरवा मुळात आयर्लंडमधून आलेला. तीस वर्षांत इतके रंग पाहिलेली दुसरी जागा मला माहीत नाही.

आणि मग रंगच उतरवण्याचे दिवस आले. 2022 मध्ये नव्या नियमांच्या गाड्या आल्या आणि जवळजवळ सगळ्या संघांच्या गाड्या ठरलेल्या 798 किलोच्या किमान वजनापेक्षा जड भरल्या. प्रत्येक जादा किलो फेरीमागे वेळ खातो. मग संघांनी रंग काढायला सुरुवात केली. जिथे रंग हवाच तिथे पातळ थर, बाकी उघडा कार्बन फायबर, काळा. मॅकलारेन, विल्यम्स, ॲस्टन मार्टिन, सगळ्यांच्या अंगावर काळे पट्टे उमटले. 2023 मध्ये मर्सिडीजने चंदेरी सोडून गाडी काळी आणली आणि कारण सरळ सांगितलं: वजन. 1934 मध्ये घडलं की नाही याची शंका असलेली गोष्ट नव्वदेक वर्षांनी त्याच कंपनीने सगळ्यांच्या देखत केली.

माझ्यातला पेंट शॉपवाला त्यांचं गणित मान्य करतो. पण रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसलो की वळणावर घोळक्याने आलेल्या गाड्यांत कोण कुठला हे कळायला वेळ लागतो. एकाच संघाच्या दोन गाड्यांतला फरक तर डोक्यावरच्या छोट्या कॅमेऱ्याच्या रंगावरून कळतो, एकाचा काळा आणि दुसऱ्याचा पिवळा. शर्यत चालवणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे: किमान वजनात दोन किलो वाढवा आणि ते रंगासाठी राखून ठेवा. सगळ्यांनाच तेवढं वजन वाहावं लागलं तर कुणाचंही नुकसान होत नाही. आणि ते दोन किलो कुणी इंजिनात किंवा पंखात वळवणार असेल, तर डीएफटी मोजायचं यंत्र घेऊन उभा राहायला मी तयार आहे.